दोन्ही गालांवर वाघ

…नाही आकोंग आजोबा, गालावर नको. कानामागे लिहा, केसांखाली, कुणाला दिसणार नाही असं. तुमचं ते चिनी ‘वाघ’ अक्षर तिथूनही गालगुंडाला पळवेलच की — हसू नका, मला कळतंय मी काय बोलतेय ते. विज्ञान शिकलेली बाई चिनी औषधांच्या दुकानात पोराला शाईपुढे धरून बसलीय! लशीचा दुसरा डोस मीच पुढे ढकलला, ताप येईल म्हणून — आणि आता हा ताप. तिऊ, मान हलवू नकोस रे!

गालावर का नको? हे तुम्ही मला विचारताय? आमच्या लग्नाआधी नोपच्या दोन्ही गालांवर तुम्हीच वाघ काढलेत ना — एवढा दाढीमिशीचा बाप्या, अख्ख्या राचबुरीच्या बाजारानं पाहिला. पाहिला तर पाहिला. पण गालगुंड खाली उतरलं, अंड सुजलं, हे बाजाराला कसं कळलं? सासूबाई मरतील पण बोलणार नाहीत. मग उरलं कोण? — छे, मी कुठं तुमचं नाव घेतलं? नुसतं विचारतेय. तिऊ पोटात होता तेव्हा भाजीवाली म्हणते कशी, ‘अगंबाई, नोपला? नवसाचा दिसतोय!’ — आणि डोळा मारला मेलीनं.

बँकॉकच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलंय — एक बाजू आक्रसली, दुसरी शाबूत. शुक्राणू कमी आहेत, पण आहेत. कमी म्हणजे नाहीत असं नव्हे. नोपनं मान डोलावली. मान डोलावणं आणि पटणं — जाऊ दे.

आता तो बाजारातल्या आपल्या शेवयांच्या गाड्यामागेच झोपतो, पातेल्यांशेजारी. म्हणे, मला पुन्हा लागण होईल. एकदा झालं की सहसा पुन्हा होत नाही ना, आकोंग? मग भितो कशाला? मी सांगू का कशाला ते? पोराचे गाल सुजायच्या आधीपासूनच तो त्याच्याकडे असा बघायचा — कान कुणाचे, नाक कुणाचं — आणि मग मीही बघायला लागले. मी! मला माहीत असून! हरवलेली किल्ली शोधावी तशी पोराच्या तोंडावर नोपला शोधत बसते —

काय? काय म्हणालात? ‘खरं सांग, पोरी’?

घ्या तो ब्रश. कानामागे नको. गालांवर काढा, दोन्ही, बापाला काढले होते तेवढेच मोठे. मग याला कडेवर घेऊन मी त्याच्या गाड्यासमोर जाऊन उभी राहणार आहे, भर बाजारात. आणि कुणी विचारलंच तर — नाही, तुम्ही आता एक शब्द बोलू नका. काढा.