पूर्ण वाक्य म्हण

...आणि मग झोप कशी लागणार, तुम्हीच सांगा. लोकांची झोप उडते ती पोटात दुखतं म्हणून, डास चावतात म्हणून. माझी उडाली ती एका मात्रेपायी. 'मला'मधल्या 'ला'चा काना आणि 'मले'मधल्या 'ले'ची मात्रा, बस, एवढ्याच फरकात मी रात्रभर पंख्याकडे बघत पडले होते. कारण दुसऱ्या दिवशी दुपारी माझी मुलगी खुशी, वय वर्षं सहा, शाळेच्या स्नेहसंमेलनात माइकसमोर उभी राहून चार वाक्यं बोलणार होती आणि त्यातलं चौथं होतं, 'मला माझ्या मामांचा अभिमान वाटतो.' दिवसभरात एकवीस वेळा म्हणून घेतलं मी तिच्याकडून. आणि एकवीस वेळा तिनं काय म्हणावं? 'मले मामाचा अभिमान वाटते.' मले, आणि वर वाटते! एका वाक्यात दोन ठिकाणी वऱ्हाड.

मी म्हणते, "मले नाही बेटा, मला. पूर्ण वाक्य म्हण."

ती म्हणते, "मला."

मी म्हणते, "पूर्ण वाक्य."

ती म्हणते, "मले भूक लागली."

आमचे हे कूस बदलून म्हणतात, "अवं, झोप आता. लेकरू चार ओळी बोलून राह्यलं, विधानसभेत नाही चाललं." यांना काय जातंय. यांनाही मी लग्नानंतर दोन वर्षं शिकवलं, मग सोडून दिलं. डी.एड. झालेली बाई मी, शिक्षकभरतीची वाट बघत बघत माझा वर्ग घरातच भरतो, पटसंख्या एक. पण तुम्हाला सांगते, माझा पहिला विद्यार्थी खुशी नव्हे. पहिला विद्यार्थी रजत. माझा सख्खा धाकटा भाऊ. म्हणजे तोच तो, दर सोमवारी टीव्हीवर त्या हसवायच्या कार्यक्रमात येतो तो. आणि संमेलनाचा प्रमुख पाहुणा कोण? तोच! आता कळलं ना, झोप का नाही?

तुम्ही म्हणाल, बाई, मामाच तर आहे, मामासमोर कसली भीती? थांबा. पहिल्यापासून सांगते.

मी पुण्याला डी.एड.ला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, काय हवंय? मी आपली म्हटलं, "मले फॉर्म पाह्यजे." मागे रांगेत तीस-चाळीस मुली. हसल्या. वाईट नव्हत्या हो मुली, त्यातलीच एक पुढं दोन वर्षं मला डब्यातली अर्धी भाजी द्यायची. पण ते हसणं जे कानात बसलं ते बसलं. त्या दिवशी मी 'मले' सोडला. आणि सुट्टीत घरी, बाभुळगावला आले की रजतच्या मागे लागायची, "मले नाही, मला. पूर्ण वाक्य म्हण." तो बिचारा म्हणायचा. चौदा वर्षांचा पोरगा, समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. मला वाटायचं, केवढं लक्ष आहे शिक्षणात! लक्ष शिक्षणात नव्हतंच हो. लक्ष माझ्यात होतं.

पुढं तो लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात लागला. जेवणाच्या सुट्टीत साहेबाची नक्कल करायचा. एकदा सगळे हसायचे थांबले तरी याची चालूच, वळून बघतो तर साहेब मागे उभे. साहेब म्हणाले, "आणखी एकदा करून दाखव." यानं केली. साहेब पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं. आमची आई, इंदुताई, डोक्याला हात लावून बसली. "लोकायले हसवून पोट भरते काय रे? कोणी ऐकलं हाय काय असं?" बाबा, म्हणजे मारोतराव, नुसतं "हं" म्हणाले. ते तसेही तीन वाक्यांवर दिवस काढतात.

मग हा मुंबईला गेला. एकट्यानं माइक धरून उभं राहायचं आणि लोकांना हसवायचं, याला म्हणे स्टँडअप म्हणतात. पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं, त्यातली तीन हॉटेलची. मी फोनवर विचारलं, "हसले का रे?" तर म्हणतो, "ताई, वेटर हसला. पण त्याचा फोन चालू होता." मग टीव्हीत घेतलं. पहिलं वर्ष काय काय केलं त्यानं! प्रेत झाला. बैलाचे मागचे पाय झाला. आई शेजारणींना बोलावून टीव्हीकडे बोट दाखवायची, "थे मागचे दोन पाय दिसते ना, थो आमचा रजत."

आणि मग एके दिवशी त्याचा फोन आला. "ताई, तू रागावली की पहिले बांगडी मागे सारते का पहिले चष्मा वर करते?" मी म्हटलं, पहिले बांगडी. मी सगळं सांगितलं! मग त्यानं एक संवाद वाचून दाखवला, एका मास्तरणीचा, आणि विचारलं, बरोबर आहे का? मी त्यातल्या तीन चुका काढून दिल्या. शुद्धलेखन करून दिलं हो! सोमवारी टीव्ही लावला तर रजत साडी नेसून उभा. पात्राचं नाव शुद्धाताई. बांगडी मागे सारली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "मले नाही, मला. पूर्ण वाक्य म्हण."

अख्खा महाराष्ट्र हसला. आणि खरी गंमत पुढंच. शुद्धाताई घाबरली की तिचं सगळं शुद्ध पळून जातं, अन् थे अशी भडाभडा बोलते का बाप्पा... बघा, हे असं. हे त्यानं कधी पाहिलं? मला स्वतःला माहीत नव्हतं मी असं करते म्हणून.

तेवढ्यावर थांबला का? मुलाखतीत सांगितलं, "शुद्धाताई म्हणजे माझी सख्खी बहीण, प्रेरणाताई, बाभुळगावला राहते." झालं. भाजीवाला मला म्हणतो, "ताई, वांगे देऊ काय? का पूर्ण वाक्य म्हणू?" मी दोन महिने त्याच्याशी बोलले नाही. भाजीवाल्याशी नाही, रजतशी. ज्या हसण्याला भिऊन मी माझी बोली टाकली, तेच हसणं हा रोज उठून मागून घेत होता, आणि लोक देत होते, वर प्रेमानं देत होते. हे मला पेलेना.

मग त्याचा सिनेमा आला. सिनेमा म्हणजे काय, दोन मिनिटांचं काम, पात्राला नावही नाही, शेवटी पाट्या सरकतात त्यात 'मुलीचे वडील'. यवतमाळला बघायला गेलो, बाबा माझ्या शेजारी. पडद्यावर एसटी स्टँड. मुलगी शिकायला परगावी चालली आहे. बाप खिडकीतून उकडलेल्या शेंगा देतो, मग बाटली, मग परत शेंगा, आणि "पोहोचली का फोन कर" तीनदा. लोक हसत होते, रजतच आहे म्हटल्यावर हसायचंच. बस निघाली. आणि तो माणूस, जिथं बस उभी होती ना, बरोबर त्या रिकाम्या जागेवर जाऊन उभा राहिला. बस्स. दुसरं काही केलं नाही. मागून दुसरी बस हॉर्न वाजवते आहे, तरी उभा. थिएटरात कोणाचा कागदसुद्धा वाजला नाही.

तुम्हाला सांगते, त्या बसमध्ये मी होते. शेंगा माझ्या होत्या. मागे काय झालं ते मला चौदा वर्षांनी कळलं, तेही सिनेमाचं तिकीट काढून. रजत तेव्हा सायकल धरून बाजूला उभा होता. बाबा अंधारात एवढंच म्हणाले, "प्रेरणा, हे यानं कवा पाह्यलं?" माझ्या घरात एवढं बघणारा माणूस बसलेला होता आणि मी त्याला काना-मात्रा शिकवत होते.

बाहेर आल्यावर मी त्याला फोन केला, म्हटलं, चांगलं झालं. त्यानं विचारलं, "रडली काय?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "पूर्ण वाक्य म्हण."

तर असा हा पाहुणा. आता सांगा, त्याच्यासमोर, चारशे पालकांसमोर, माझ्या लेकरानं 'मले' म्हटलं आणि सगळे हसले तर? रजतला हसणं पचतं हो. खुशी सहा वर्षांची आहे. तिच्या कानात ते बसलं म्हणजे?

दुपारी दोन वाजता मंडपात मी तिसऱ्या रांगेत. खुशी स्टेजवर आली, कोणीतरी माइक खाली करून दिला, तिनं पहिली तीन वाक्यं अशी म्हटली की हेडसरांनी मान डोलावली. आणि चौथ्याला गप्प. एक सेकंद, पाच सेकंद. रजत खुर्चीत बसून नुसता तिच्याकडे बघतोय, मदत करायचं नाव नाही. मले... मला सुचेना. आणि मी कधी उभी राहिले ते मला कळलंच नाही. तिसऱ्या रांगेतून, भर मंडपात, बांगडी मागे सारून मी ओरडले, "बोल ना वं, काहून चूप बसली? तुले येते ना!"

मग मंडप असा हसला, असा हसला, की मागचे लोक खुर्च्यांवर उभे राहून शुद्धाताई कुठं आहे ते बघायला लागले. रजतनं दोन्ही हातांत तोंड लपवलं.

खुशी हसली नाही. तिनं सगळ्यांचं हसणं संपू दिलं. एवढं थांबायचं तिला कोणी शिकवलं, मी तर नाही. मग तिनं नाकावर नसलेला चष्मा वर केला, माझ्याकडे बघितलं आणि माइकमध्ये म्हणाली,

"आई, तुले नाही, तुला. पूर्ण वाक्य म्हण."