बाबा मागच्या कोपऱ्यात उभे राहिले

हॅलो?… हॅलो, कोण, यानयान? थांब गं, नूडल्सचं पीठ मळतेय, हात भरलेत. फोन खांद्यात धरते… हं, बोल.

…नाही, बांधाबांध नाही केली अजून.

…हो, हो… अगं ऐक ना. शनिवारी तू येतेस, आमची दोन तिकिटं काढलीयेस, शेन्झेनला तुझ्याकडे लिफ्ट आहे. सगळं पाठ झालंय मला.

…माहीत आहे चौथा मजला आहे. तेहतीस वर्षं चढतेय, मला नाही माहीत?

…‘ने आम्हाला’ असं बाबा पडल्यावर म्हणाले होते. पडलेला माणूस काहीही म्हणतो. तीन महिने भिंत सोडली नव्हती त्यांनी. पलंगापासून संडासापर्यंत तळव्याचा काळा पट्टा उमटलाय भिंतीवर, तू व्हिडिओवर पाहिलास ना?… हं. तर तेच सांगतेय. आज सकाळी ते बागेत गेले होते.

…कुठल्या म्हणजे? तळ्याकाठच्या. तिथे सकाळी सगळे मिळून तो सावकाश व्यायाम करतात ना, ताईची, त्याला.

…ओरडू नकोस, कान गेला माझा.

…हो, चार मजले उतरून. एका हातात काठी, एका हातात कठडा, मागे मी. अर्धा तास लागला. लागू दे ना, कुठे गाडी सुटत होती?

…एकदम नाही गं. दोन महिने घरातच केलं आधी. खुर्चीची पाठ धरून चीगोंग. नीट उभं राहायचं, हात सावकाश वर, श्वास पोटापर्यंत, मग सावकाश खाली. फानबाई यायच्या शिकवायला… अगं त्याच, दुसऱ्या मजल्यावरच्या, बसमध्ये कंडक्टर होत्या. अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, एका पायावर उभं राहून मोजा घालतात. मी बसून घालते तरी धाप लागते.

…सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस. … हसतेसच की.

…गोळ्या चालूच आहेत. डॉक्टरच म्हणाले, गोळ्या घ्या आणि हेही करा. तोल सुधारतो, पायात जोर येतो. आणि पडायची भीती कमी झाली की झोपही लागते. आता तर असे घोरतात की माझीच झोप गेली.

…अगं, पण आजची गंमत ऐक. मध्ये बोलू नकोस. नवख्याने घोळक्याच्या मध्यात उभं राहायचं असतं… का म्हणजे? चारी बाजूंना वळावं लागतं ना. मध्यात असलं की कुठेही तोंड करा, पुढे कुणीतरी जाणकार असतोच, त्याचं बघून करायचं. कोपऱ्यांत जुनी, मुरलेली माणसं. आता तुझे बाबा. ‘मी काय बालवाडीत आलोय?’ म्हणाले, आणि जाऊन उभे राहिले मागच्या कोपऱ्यात. लपायला.

…बरोब्बर. सगळे वळले, आणि मागचा कोपरा झाला पुढचा. तीस माणसं यांच्या पाठीकडे बघतायत, आणि यांच्यापुढे नुसतं तळं.

…काय करणार? चौतीस वर्षं चौकात उभा राहिलेला वाहतूक पोलीस. तेवढेच हातवारे अंगात. डावा हात आडवा, उजव्याने ‘या, या’, मग दोन्ही हातांनी ‘थांबा’. तेही इतकं सावकाश, इतक्या ऐटीत… आणि मागची तीस माणसं तस्संच करतायत. कुणी हूं की चूं केलं नाही. फानबाईसुद्धा.

…हस, हस. मीही बाकावर बसले हसून. पण यानयान, बसले आणि हाताला काठी लागली. त्यांची काठी. बाकावरच होती. भिंत नाही, खुर्ची नाही, मी नाही… पाचेक मिनिटं असतील. उभे होते ते.

…नाही गं, कांदा नाही चिरत. रडतेय. रडू येतंय तर रडू नको?

…शेन्झेनला काय करतील ते? गॅलरीत बसून ढग मोजतील. … बरं, त्यांच्याशीच बोल. देते. अहो… अहो, यानयानचा फोन आहे…

…अगं, दिसत नाहीत. मघाशी व्हिनेगर संपलंय म्हणाले मी, तर…

…काठी? काठी दारामागेच आहे.

…घाबरवू नकोस मला. खिडकीशी जातेय… थांब… थांब जरा…

…दिसले. गल्लीच्या तोंडाशी. हातात बाटली आहे.

…नाही, पडले नाहीत. रस्त्याच्या मधोमध उभे आहेत. … काय करतायत म्हणजे? हात आडवा केलाय. फानबाई भाजीची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडतायत. स्कूटरवाले थांबलेत सगळे.

…हो. शिस्तीत.

…यानयान? आहेस ना?… रडू नकोस आता तू. शनिवारी ये. नक्की ये. पण ती आमची दोन तिकिटं परत करून ये.

…त्यांना काय विचारायचं? त्यांनी उत्तर दिलं की, चार मजले उतरून.

…हो, ते चढताना जाते मी अर्ध्या जिन्यापर्यंत. लांबूनच बघेन, हात नाही देणार. … बरं, ठेवते. ते यायच्या आत भिंतीवरचा तो पट्टा पुसायचाय मला.