मेलेली पिल्लं बदलून मिळतात

कोंबड्यांचं नाव काढलंत म्हणून सांगते. आम्ही पार्सलने पिल्लं मागवली, तर खोक्यातली पाच-सहा मान टाकूनच आली. मी त्यांना बल्बच्या उबेला ठेवलं, चोचीत थेंब थेंब गुळाचं पाणी सोडलं. सकाळी ती पायावर उभी राहिली, तेव्हा कुठे मी धानाच्या रोवण्याला गेले.

संध्याकाळी येऊन पाहते तर बल्ब बंद, अन् ती पिल्लं थंडगार.

"बल्ब काहून बंद केला जी?"

आमचे हे म्हणाले, "मेलेलीच बदलून देते ना कंपनी. फोटो धाडला, नवीन येऊन राहिली."

नवीन खोकं आलं. त्यातही दोन पिल्लांनी मान टाकलेली.

"पाणी पाज ना वो त्याइले," हे म्हणाले.

मी म्हटलं, "कायले? जगली तं बदलून नाही भेटत."