घावनं कोण घालणार?

कॉम्प्युटर क्लासला जाऊन मी काय दिवे लावते, ते एका रविवारी घरी कळलं. आमच्याकडे घावनं तव्यावरून थेट पानात पडतात, त्यामुळे आई कायम शेवटी, गार जेवायची. मी वैतागून स्प्रेडशीटवर सगळा स्वयंपाक मांडला: काय, केव्हा, कोणी करायचं. तो तक्ता छापून ओट्यावर डकवला.

सगळं वेळेत झालं. मी आईला पंगतीत बसवलं.

"अगो, मग घावनं कोण घालणार?" जेवायला आलेले संगमेश्वरचे काका कडाडले.

"वाचा की. बाबांचं नाव आहे."

"पुरुषमाणूस तव्याशी?"

बाबा उठून तव्याशी गेले. पहिलंच घावन चिकटून फाटलं. ते टाकणार, तोच आईने ताट पुढे केलं.

"टाकू नका हो. गरम आहे ना? वाढा मला."