‘जाळून’मधला ळ

विचारल्यावरून सांगते, घरात आणि बाजारात मला बारकी म्हणतात. वय ३४, धंदा कॉम्प्युटरवर अक्षरं तयार करणे, राहणार रंगाच्या दुकानावरची खोली. बाहेरच्या बाकावर बसवलेले पेंटर माझे वडील. मी आपण होऊन पोलीस ठाण्यात येऊन जबाब देते की,

आज सकाळी कापडवाल्याच्या शटरवर कागद चिकटवलेला सापडला. मजकूर : ‘गाळा खाली करा, नाहीतर जाळून टाकू.’ त्या दुकानाची पाटी बाबांनीच रंगवलेली, आणि कागदावरचं अक्षर हुबेहूब तेच. हवालदारांनी घरी येऊन विचारलं, “हे अक्षर तुमचं?” बाबा म्हणाले, “माझंच. दुसऱ्या कुणाचं असणार?” ती कबुली समजून त्यांना इथे आणलं. त्यांची दुपारची गोळी माझ्या पर्समध्ये आहे, ती आधी देऊ द्यावी.

अक्षर बाबांचं आहे, पण लिहिलं त्यांनी नाही. त्यांच्या पाट्यांचे फोटो काढून मी ‘फाटका ब्रश’ नावाचा फॉन्ट बनवला. कडा खरवडलेल्या, फराटे मध्येच तुटलेले. साबणाच्या वेष्टनावर, जिमच्या बोर्डावर, भुताच्या सिनेमाच्या पोस्टरवर, जिथे तिथे तोच. कुणीही डाउनलोड करतो आणि छापतो. धमकीलाही तो शोभेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

साहेबांनी पुरावा विचारला. कागदावरचे दोन्ही ळ पाहावेत, ‘गाळा’तला आणि ‘जाळून’मधला. दोन्हींच्या उजव्या पोटात एकाच जागी एकच ओरखडा आहे. हाताने असं होत नाही. शिवाय एकाही पाटीवर धड ळ उरला नव्हता, म्हणून फॉन्टमधला ळ मी स्वतः काढला.

परवानगी घेऊन बाबांना आत बोलावलं आणि चष्मा लावून कागद दाखवला. ते भडकलेच. “हा ळ कुठल्या गाढवाने काढला? बाकी सगळं माझं, पण हा नाही!” साहेबांनी मुद्देमालाच्या खोक्यांवर नंबर घालायचा ब्रश पुढे केला. “मग तुमचा काढून दाखवा.” बाबांनी दोन्ही हात काखेत दाबले. म्हणाले, “असल्या ब्रशने मी काम करत नाही.”

यापुढचं बाबांना परत बाहेर बसवल्यावर सांगते आहे. त्यांचा उजवा हात कापतो. शेवटच्या पाट्या त्यांनी तशाच रंगवल्या, फॉन्टचा फाटकेपणा तिथून आला. गिऱ्हाइकांना ती स्टाइल वाटते. बाबा ब्रशला दोष देतात आणि मी हो म्हणते. चहा त्यांना अर्धा कपच देतो, त्यावर घरात कुणी बोलत नाही. ‘मला आता लिहिता येत नाही’ एवढं म्हणाले असते तर सकाळीच सुटले असते. त्यापेक्षा त्यांना आरोप बरा वाटला. मला राग येतो आणि रडूही येतं, हे लिहायचं असेल तर लिहा.

जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. दाराला फट असल्यामुळे शेवटचा भाग माझ्या विनंतीवरून हळू वाचला. बाबांना सोडताना ‘ळ जुळत नाही’ एवढंच कारण सांगावं.