खांद्याचं माप

...आणि वर ती बाई मलाच विचारते, "काका, तुम्हाला काय वाटतं?" अगं, मला काय वाटतं ते मला कळलं असतं तर तीन जिने चढून तुझ्याकडे कशाला आलो असतो? चाटच पडलो, तुम्हाला सांगतो.

पोरीने नेलं होतं. म्हणाली, बाबा, समुपदेशक बाई आहेत, मनातलं बोलायचं. मला वाटलं डॉक्टरीण असेल, नाडी बघेल, गोळी देईल. तिथे ना गोळी ना सुई. दोन-तीन खुर्च्या, एक कुंडी, आणि टेबलावर डोळे पुसायचे कागद, डबाभर. म्हणजे रडवायची तयारी आधीच करून ठेवलेली!

दुखणं काय? धाकटा भाऊ बोलत नाही. आमचं दोघांचं शिवणाचं दुकान, तो कापतो, मी शिवतो, पंचेचाळीस वर्षं समोरासमोर. आणि त्याच्या पोरीच्या लग्नात मी... म्हणजे गंमत हो, स्वभावच तसा माझा, लहानपणापासून... त्याच्या नव्या कोटाची एक बाही आतून शिवून टाकली. चारच टाके. व्याही समोर उभे, हा हात घालतोय, हात जात नाही, जोर केला तर टर्रकन फाटली, हॉलभर हशा. सगळ्यात जास्त मी हसलो. तो एवढंच म्हणाला, "माझ्या पोरीचा एकच दिवस होता, दादा."

झालं. तिथून सात महिने शब्द नाही. कापड सरकवतो, खडूने खूण करतो, मान खाली. त्यापेक्षा विहीर बरी हो, हाक मारली तर निदान आवाज परत देते.

हे सगळं बाईला सांगितलं. तर म्हणते, ती रिकामी खुर्ची बघा, तिथे भाऊ बसलाय असं समजा आणि बोला. खुर्चीशी! चाटच पडलो. पण बोललो. असा बोललो, असा बोललो की ते कागद निम्मे संपवले. उठताना वाटलं, मिटलं सगळं. दुकानात येऊन बघतो तर हा तसाच, मान खाली. खुर्चीने ह्याला काही सांगितलंच नाही वाटतं?

आठ वेळा गेलो. नवव्यांदा बाई म्हणते, अशा गोड आवाजात, "काका, तुम्ही खूप छान बोललात. पण माझं काम इथवरच. भावाची माफी ह्या खोलीत मिळणार नाही." आता बोला. एवढे जिने चढवून हे सांगायचं? म्हटलं, मग मी करू काय? "फिरायला जा. नवीन काही शिका. रोज वही लिहा." वही? मला आकडे येतात आणि माझं नाव येतं, तेही घाई केली तर चुकतं. "मग स्वतःसाठी काहीतरी करा, आजवर केलं नसेल असं."

विचार केला. जगाचे सदरे शिवले, स्वतःचं माप मात्र कधी घेतलं नाही. माझं माप धाकटाच घ्यायचा, न सांगता कापून ठेवायचा. म्हटलं, चला, ह्या वेळी माझा सदरा मीच मापायचा, मीच कापायचा. टेप काढली. तुम्ही कधी स्वतःचा खांदा मोजलाय? हात वर केला की खांदाच सरकतो. पहिल्यांदा आला सोळा. मग एकोणीस. मग साडेचौदा. मी माणूस आहे की रबर? बरं, समोरून हा बघतोय, मला दिसतंय. म्हटलं, मरू दे, सतरा धरू, आणि चांगल्या नव्या कापडावर कात्री उचलली, मी, ज्याला सरळ रेषेत कापता येत नाही...

तर तो उठला. हातातली टेप ओढून घेतली आणि माझ्या मागे उभा राहिला. आता आमच्या धंद्यात कसं, माप घेणारा मोठ्याने सांगतो, दुसरा लिहितो. त्याशिवाय माप होतच नाही. टेप खांद्यावर ताणली. मग मागून आलं, "खांदा, पावणेसतरा."

चाट पडलो. पेन्सिल हलेना.

"लिही."

लिहिलं.

"छाती, छत्तीस." पुन्हा टेप लावली. "चाळीस होती." मग हळूच, "किती उतरलास रे, दादा."

खुर्चीला सांगितलेलं सगळं कुठे गेलं देव जाणे. तोंडातून एकच निघालं, "चुकलो."

तो म्हणाला, "हात सरळ ठेव."

तेव्हापासून बोलतोय. म्हणजे थांबतच नाही. सात महिन्यांचं तुंबलेलं, वर पंचेचाळीस वर्षांतली माझी एकेक खोडी, दिवसवार सांगत, तेही मशीनच्या वरताण आवाजात. काल पोरगी विचारते, "बाबा, आता कसं वाटतंय?"

म्हटलं, पोरी, मन अगदी मोकळं झालंय. कान तेवढे दुखतायत.