साध्या पाण्याची चाचणी

— नाही, आधी ती बाटली खाली ठेव. एवढी घट्ट धरून काय उभी आहेस, प्रयोगशाळेत कोणी पळवत नाहीये. बस त्या स्टुलावर. धाकट्यानंच पाठवलंय ना, पुन्हा तपासायला? तपासतो. पण अगं, तुझा नवरा, माझा सख्खा भाऊ म्हणून तपासणीची चकती काही वेगळं बोलणार आहे का? मागच्या वेळी उजळली म्हणजे उजळली — गोळ्या घेतल्याच नाहीत तर लघवीत येतील कुठून? त्याच झोपेच्या गोळ्या, सोडल्या म्हणून आईची शपथ घेतली होती त्यानं. आणि वर शाळेची बस चालवायची! पोरं असतात गं मागे बसलेली. म्हणून केला मी बसमालकाला फोन. घरच्या माणसानं नाही करायचा तर कोणी करायचा?

तुझा विश्वास बसत नाहीये, दिसतंय मला. ये, इकडे ये. ही चकती बघ — प्लॅस्टिकच समज. ती बनवतानाच आत त्या गोळीचं औषध मिसळतो आम्ही, ओल्या मातीत किल्ली दाबावी तसं, आणि मग ते धुऊन काढतो. मागे उरतात फक्त खाचा, त्या औषधाच्याच मापाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या. तेच औषध आलं तर त्यात बसतं, आणि बसलं की या निळ्या दिव्याखाली चकती हिरवी उजळते. यात माझा राग नाही, त्याचा स्वभाव नाही, काही नाही. थांब, आधी साधं पाणी टाकून दाखवतो, म्हणजे तुझी खात्री पटेल. त्याच खेपेतली चकती आहे, वेगळी नाही. हे टाकलं. आता जराही उजळणार नाही बघ — थोडा वेळ लागतो.

तोवर एक सांगू? रागावू नकोस. त्या दिवशी ती उजळली ना, तेव्हा मला आधी आनंद झाला. खरंच झाला. या चकतीपायी इतकी वर्षं खपलो, आणि खऱ्या माणसाच्या नमुन्यावर पहिल्यांदाच एवढी लख्ख उजळली! साहेबांना हाताला धरून आणलं मी बघायला. भाऊ नंतर आठवला. मग त्या आनंदाचीच लाज वाटली, आणि ती सगळी त्याच्यावर काढली — आईसमोर, भरल्या ताटावरून उठवला त्याला, खोटारडा म्हणालो. तो नुसता म्हणत होता, दादा, परत एकदा बघ ना. आणि मी —

काय? काय दाखवतेस?

नाही नाही, थांब. पाण्यातच काहीतरी असेल. नवी बाटली उघडतो, दुसरी चकती घेतो. बोलू नकोस जरा.

हीसुद्धा हिरवी.

धुणं कमी पडलंय. म्हणजे — औषध आतच राहिलंय गं. आतून तेच पाझरतंय आणि शेजारच्या खाचेत जाऊन बसतंय. पाणी टाका, लघवी टाका, काहीही टाका, ही उजळणारच. नीट धुवायला दिवस जातात, आणि चकती बघायला बाहेरून पाहुणे यायचे होते, साहेबांना घाई होती — साहेबांना कसली, मलाच होती. नवी खेप आली की आधी साधं पाणी टाकून बघायचं, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला कोण शिकवतं? मी शिकवतो. ओरडतो लोकांवर त्यापायी. आणि भावाच्या वेळी टाकलं नाही, कारण मला वाटलंच होतं की तो घेत असणार. वाटलंच होतं मला. तो कळवळून सांगत होता आणि मी चकतीकडे बघत होतो.

खिडकीतून काय बघतेस? खाली आहे तो? मग वर का नाही — हो, वर कशाला येईल. बाटली घेऊन जा तुझी, त्यात तपासायचं काही नाही. मालकाला मी आत्ता फोन करतो. आईलाही मीच सांगतो. आणि त्याला — त्याला काय सांगू गं?

तू हो पुढे. येतो मी. हा दिवा बंद करतो आणि येतो. जा म्हटलं ना. माझ्याकडे असं बघू नकोस. दार ओढून घे जाताना.